लिहिलंय तेवढं वाच

“लिहिलंय तेवढं वाच. तुझं मत मी मागनं विचारते.”

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी अक्कांच्या आवाजात म्हणून दाखवेन. म्हणताना त्यांचा एक हात कीबोर्डवर असायचा, दुसऱ्या हाताचं बोट वर, आणि कान माझ्या बाजूला. कॉम्प्युटर बिघडला की पडद्यावर काय आलंय ते मी वाचून दाखवायचं आणि अक्कांनी तो दुरुस्त करायचा, अशी आमची कामाची वाटणी होती. अक्कांना जन्मापासून दिसत नव्हतं. मला दिसत होतं, आणि या कामासाठी माझी पात्रता एवढीच होती.

तसं माझ्याकडे सर्टिफिकेटही होतं. धारवाडला सप्तापूरमध्ये आमच्या घरासमोरच्या एका क्लासमधून मी सहा महिन्यांचा हार्डवेअरचा कोर्स केला होता. ते सर्टिफिकेट मी फ्रेम करून हुबळीच्या ऑफिसात माझ्या टेबलामागे लावलं होतं. घरी लावायला बायकोनं परवानगी दिली नव्हती. त्या फ्रेमच्या जोरावर मी ऑफिसचा कॉम्प्युटरवाला झालो. कुणाचं काहीही बिघडलं की मी जायचो, दोन मिनिटं गंभीर चेहऱ्यानं पडद्याकडे बघायचो आणि म्हणायचो, “ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे.”

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच. कसलाही ताप आला की डॉक्टर ‘व्हायरल आहे’ म्हणतात, तसं मी ‘ड्रायव्हर’ म्हणायचो. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेलं यंत्र यांच्यातला दुभाषा. तो नीट नसेल तर एकाचं दुसऱ्याला कळत नाही. एवढं मला माहीत होतं. त्यापुढचं कोर्सच्या चौथ्या महिन्यात होतं, आणि त्या महिन्यात मला कावीळ झाली होती.

एकदा मोठा प्रिंटर बंद पडला. मी दोन दिवस ड्रायव्हर काढला, घातला, परत काढला. तिसऱ्या दिवशी अक्का शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“त्याच्या अंगावर बारीक पडदा असतो की नाही? तिथं काय लिहिलंय?”

“ते काही नाही अक्का, एरर आहे.”

“एरर असं लिहिलंय?”

मी वाकून बघितलं. दुसऱ्या ट्रेमध्ये कागद घाला, असं लिहिलं होतं. दोन दिवस तेच लिहिलेलं होतं.

“बरेदद्द ओदप्पा,” अक्का म्हणाल्या. लिहिलेलं वाच रे बाबा. रागावल्या की त्या कानडीत जायच्या आणि फार रागावल्या की मराठीत परत यायच्या. त्या दिवशी कानडीवरच भागलं. घरी हा किस्सा सांगितला तर बायकोला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. ती म्हणाली, “साखरेच्या डब्यावर साखर लिहिलंय. तरी गेली अकरा वर्षं विचारताय.”

अक्का हुबळीच्याच, कमरीपेठेतल्या. वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं, पुढं ते भावानं चालवलं. लहानपणी त्या दुकानात बसून स्क्रू आणि चकत्या बोटांनी निवडून वेगळ्या करायच्या. वडिलांची एक रीत होती. मशीन घेऊन बाई आली की ते आधी मशीनला हात लावायचे नाहीत. ‘काल काय शिवलं?’ असं विचारायचे. बाई सांगायची, काही नाही हो, नेहमीचंच. मग जरा वेळानं कबूल करायची, की नवऱ्याची जाड पँट आखूड करायला घेतली होती. मशीन तिथंच बसलेलं असायचं. अक्कांनी ही रीत जशीच्या तशी कॉम्प्युटरला लावली. कसलाही बिघाड असो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “काल काय बदललं?” आणि लगेच पुढं, “कुणी बदललं ते मी विचारत नाही बरं का.”

आमच्या ऑफिसात त्या लागल्या त्या टेलिफोन ऑपरेटर म्हणून. दाराजवळच्या खोलीत बोर्ड होता, त्यावर त्या वीसेक वर्षं बसल्या. “नमस्कार, हेळ्री,” म्हणजे बोला, असं म्हणायच्या आणि समोरच्यानं तोंड उघडलं की कानडी, मराठी की हिंदी ते ठरवून टाकायच्या. देशपांडे नगरातल्या डॉक्टरांपासून बाजारातल्या अडत्यांपर्यंत निम्मी हुबळी त्यांना आवाजावरून ओळखू यायची. मग सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले आणि एका सोमवारी दोन माणसांनी येऊन बोर्ड काढून नेला. अक्कांची नोकरी राहिली, काम गेलं. दहाला यायचं, पाचला जायचं, आणि मधला सगळा वेळ खुर्चीवर बसून राहायचं. आम्ही जाता-येता ‘काय अक्का, आराम?’ असं विचारायचो. आम्हाला तो विनोद वाटायचा.

बोलणारा कॉम्प्युटर असतो हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं. धारवाडला जाऊन शिकून आल्या. विकतचं बोलकं सॉफ्टवेअर घ्यायला वरून मंजुरी येईना, म्हणून त्यांनी लिनक्स घातलं. ही प्रणाली फुकट मिळते, कुणीही आतून उघडून बघू शकतो, आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज तिच्यात आधीपासूनच असतो. त्या आवाजाला अक्का ‘मास्तर’ म्हणायच्या. मास्तरांचा वेग त्यांनी असा काही ठेवला होता, की आम्हाला फोडणीत मोहरी तडतडावी तसं ऐकू यायचं. अक्कांना मात्र त्यातला शब्दन्‌शब्द कळायचा. ऑफिसकडे मेलवर येणाऱ्या तक्रारी ऐकायच्या आणि उत्तरं लिहायची, हे काम त्यांनी मागून घेतलं. वीस वर्षं लोकांची कुरकुर ऐकलेली बाई ती. त्यांची उत्तरं वाचून लोक आभाराची मेल पाठवू लागले. आमच्या ऑफिसला हा प्रकार नवीन होता.

मी त्यांचा शिष्य कधी झालो ते मला कळलं नाही. मी त्यांचा गुरू आहे अशीच माझी समजूत होती. त्यांच्या कॉम्प्युटरला नवीन वायफायची काडी लावायची होती, ती चालेना. मी एकदम चार गोष्टी बदलल्या आणि ती चालू झाली.

“चाललं अक्का!”

“कशानं चाललं?”

“ते... चाललं ना पण.”

“चारही काढ. एकेक घाल.”

मी काढल्या. मग एकेक घातल्या, आणि प्रत्येक वेळी त्यांनी तपासून बघितलं. तिसरी घातल्यावर चाललं. उरलेल्या तिन्हींचा काहीही उपयोग नव्हता, हे मला त्या दुपारी चारचौघांत कळलं.

महिला दिनाला अक्कांचा सत्कार झाला तेव्हा भाषण मी केलं. ‘ज्यांना दृष्टी नाही त्यांनीच आम्हाला दृष्टी दिली,’ असं माझं शेवटचं वाक्य होतं. ते मी आरशासमोर तीनदा म्हणून बघितलं होतं. टाळ्या पडल्या. नंतर अक्का म्हणाल्या, “छान बोललास. पहिली दोन मिनटं माइक बंद होता, ते कुणी सांगितलं नाही होय?”

आता ज्या दिवसाबद्दल सांगायचं मी इतका वेळ टाळतोय, त्याकडे येतो.

बेंगळुरूहून एक मोठे अधिकारी येणार होते. कुठल्या टेबलावर खरंच काम आहे आणि कुठल्या नाही ते बघायला. अक्कांच्या टेबलाबद्दल वर शंका होती. दिसत नसलेली बाई कॉम्प्युटरवर काम करते यावर तिकडं कुणाचा विश्वास बसत नव्हता. साहेबांनी समोर बसून बघायचं, पटलं तर काम ठेवायचं, नाहीतर अक्कांना दाराजवळच्या खुर्चीवर परत पाठवायचं, असं ठरलं होतं. वेळ दुपारी तीनची. अक्कांनी आदल्या दिवशी मास्तरांकडून दोनदा तालीम करून घेतली आणि पाच वाजता भावाच्या स्कूटरवर मागं बसून त्या घरी गेल्या.

मी मागं राहिलो. माझ्या डोक्यात आलं, लिनक्सची नवी आवृत्ती आलीय, त्यात मास्तरांचा आवाज जास्त गोड आहे म्हणे. उद्या अक्कांना चकित करू. (साहेबांनाही करू, आणि ‘हे कुणी केलं?’ असं त्यांनी विचारलं तर आपण जवळपास असू, हेही डोक्यात आलं. खोटं कशाला बोला.) मी अक्कांच्या खुर्चीत बसलो, तीन आज्ञा टाइप केल्या, सगळी प्रणाली नवी केली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पडदा झळकला. पडदा दिसला की माझ्या लेखी कॉम्प्युटर ठणठणीत असतो. बोलतो का, हे बघायचं मला सुचलंच नाही. मी शीळ घालत बस पकडली.

सकाळी दहाला अक्कांनी बटण दाबलं आणि वाट पाहिली. मास्तर बोलले नाहीत. त्यांनी कळा दाबून त्यांना हाक मारली, परत मारली. तुमचा-माझा कॉम्प्युटर मुका झाला तर आपण गाणी ऐकत नाही, एवढंच. अक्कांचा मुका झाला की त्यांच्यापुढं नुसती एक गरम पेटी उरायची.

त्यांनी मला बोलावलं. मागोमाग सगळं ऑफिसही आलं.

“काल काय बदललं?”

“काही नाही, अक्का.”

हे मी इतक्या पटकन म्हणालो, की माझं मलाच खरं वाटलं. चार माणसं ऐकत होती, मागं भिंतीवर फ्रेम होती. दहा मिनिटांत गुपचूप दुरुस्त करतो, मग कशाला सांगायचं, असा माझा हिशोब होता.

अक्कांनी स्पीकरची वायर बोटांनी चाचपली, स्वतःच्या मोबाइलला जोडून बघितली. स्पीकर वाजला. “म्हणजे आतच काहीतरी आहे,” म्हणत त्यांनी कळांनीच आज्ञा द्यायची काळी खिडकी उघडली. आधी दिलेल्या आज्ञांची यादी कॉम्प्युटर जपून ठेवतो. ती यादी त्यांनी मागवली.

“शेवटच्या दहा ओळी वाच.”

पडद्यावर खालच्या तीन ओळी माझ्या होत्या. मी वरच्या सात वाचल्या.

“एवढंच?”

“एवढंच.”

अक्का कधी ओळी मोजायच्या नाहीत. वाचणारा वाचतोय, मग मोजायचं कशाला.

पुढं जे झालं ते माझ्या खोटेपणाला अगदी धरून झालं. अक्कांची विचार करायची रीत चोख होती. काल काही बदललं नाही, स्पीकर चांगला आहे, तर मग आतलं आवाजाचं कार्डच गेलं असणार. त्यांनी पेटी उघडायला लावली. मी पेटी उघडली, धूळ पुसली, जे हलत नव्हतं ते हलवून बघितलं. मध्येच सवयीनं ‘ड्रायव्हरचा प्रॉब्लेम असेल’ असंही म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, “कालपर्यंत चालणारा ड्रायव्हर आपोआप कसा बिघडेल रे?” मी धूळ पुसत राहिलो. त्यांची नजर चुकवून मी आवाजाची पातळी वरखाली करून बघितली, आणि मग लक्षात आलं की त्यांची नजर चुकवायची गरजच नाही. त्या क्षणी मला माझी किळस आली.

दोन वाजले. अक्कांनी ड्रॉवर उघडला. टेबलावरची ब्रेलची पाटी आत ठेवली, हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवली.

“साहेबांना सांगा, मशीन गेलंय,” त्या म्हणाल्या. “खुर्चीवर बसायची मला सवय आहे. बोर्ड गेला तेव्हा बसलेच होते की.”

आवाजात तक्रार नव्हती. असती तर मी कदाचित निभावून नेलं असतं.

“अक्का,” मी म्हणालो, “त्या दहा ओळींतल्या तीन राहिल्या.”

“राहिल्या?”

“मी वाचल्या नाहीत. माझ्याच होत्या.”

अक्कांचा हात ड्रॉवरवर होता, तो तिथंच राहिला. मला वाटलं आता थेट मराठीत रागावतील. सगळं ऑफिस उभं होतं, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाल्या, “आता वाच.”

मी वाचल्या. मोठ्यानं वाचल्या. नवी आवृत्ती आण, जुन्याच्या जागी घाल, बंद करून चालू कर. शाळेत शिक्षा म्हणून उभं राहून धडा वाचतात तसा वाचला.

“म्हणजे कार्ड जळलं नाही,” अक्का स्वतःशीच म्हणाल्या. त्यांची बोटं चालायला लागली. आवाज कुठकुठल्या यंत्राकडं जाऊ शकतो ती यादी त्यांनी मागवली. “किती नावं आहेत?”

“दोन.”

“पहिलं वाच.”

पहिलं नाव पडद्याच्या वायरीचं होतं. दुसरं आमच्या स्पीकरचं. काल हा क्रम उलटा होता. नव्या आवृत्तीनं पडद्याला पहिला मान दिला होता, आणि आमच्या पडद्याला स्पीकरच नाही. मास्तर सकाळपासून बोलत होते, पण सगळं त्या पडद्याच्या पोटात जात होतं. अक्कांनी एक ओळ लिहून स्पीकरला पुन्हा पहिला क्रमांक दिला. तीनला वीस मिनिटं कमी असताना मोहरी तडतडली. कुणीतरी टाळी वाजवली, आणि ती चुकून माझ्यासाठी समजून दोघांनी माझी पाठ थोपटली.

आवाज जास्त गोड वगैरे काही झाला नव्हता. होता तसाच होता.

साहेब आले. अक्कांनी त्यांच्यासमोर तीन तक्रारी ऐकल्या आणि तिन्हींची उत्तरं लिहिली. साहेबांना पटलं, पण हार मानायची नव्हती. त्यांनी विचारलं, “आणि हे बिघडलं तर?”

“बिघडतंय की,” अक्का म्हणाल्या. “दुरुस्त करतो.”

“कोण?”

“आम्ही दोघं.”

मी खाली बघत उभा होतो. माझ्या बुटाची नाडी सुटलेली होती.

काम राहिलं. त्या दिवसाबद्दल अक्का पुन्हा कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. घालून पाडून बोलल्या नाहीत, चिमटाही काढला नाही. डबा उघडला की माझ्यासाठी शेंगादाण्याची चटणी पूर्वीसारखीच काढून ठेवायच्या. फक्त एक गोष्ट बदलली. काही बिघडलं आणि मी वाचून दाखवलं, की त्या म्हणायच्या, “आता खालनं वर वाच.” मी खालची ओळ आधी, मग तिच्या वरची, असं सगळं परत वाचायचो. त्या मनातल्या मनात जुळवून बघायच्या, आणि मगच कीबोर्डला हात लावायच्या.

पहिल्यांदा मला वाटलं, ही नवी रीत असेल. दुरुस्तीच्या कामात चांगलीच आहे म्हणा. मग एकदा मी रजेवर असताना आमच्या शिपायानं त्यांना वाचून दाखवलं. मी त्याला सहज विचारलं, “खालनं वर वाचलंस ना?”

“नाही सर,” तो म्हणाला. “कशाला?”

त्या दिवशी संध्याकाळच्या बसमध्ये मला बसायला जागा होती, तरी मी धारवाडपर्यंत उभा राहिलो. भिंतीवरची फ्रेम दुसऱ्या दिवशी काढली. रंग देणार आहेत म्हणून काढली, असं सगळ्यांना सांगितलं. म्हणजे सुधारणा तशी हळूहळूच चालू होती.

चार वर्षं मी खालनं वर वाचलं. साउंड, स्कॅनर, वायफाय, एकदा तर नुसता माउस. एकही ओळ सोडली नाही. स्वल्पविराम असला तर स्वल्पविराम म्हणायचो. बायको म्हणते, त्या काळात मी घरीसुद्धा साखर न विचारता घ्यायला लागलो. अक्कांना मी कधी ‘माफ करा’ म्हणालो नाही. चारदा ठरवलं आणि चारही वेळा काहीतरी बिघडलं, मग वाचायला बसलो.

गेल्या मार्चात अक्का रिटायर झाल्या. आता त्या बेळगावला बहिणीकडं असतात. त्यांच्या टेबलावर नवीन मुलगी आलीय, चांगली आहे, दिसतं तिला. आवाज नको म्हणून तिनं स्पीकर कपाटात ठेवून दिलाय. ऑफिस फार शांत झालंय. लोकांची आभाराची मेल येत नाहीत.

त्या जायच्या आधीच्या आठवड्यात नवीन स्कॅनर आला. अर्थातच चालेना. मी स्टूल ओढून शेजारी बसलो. पडद्यावर अकरा ओळी आल्या होत्या. मी वरनं खाली अकराही वाचल्या, न अडखळता. मग नेहमीप्रमाणं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि खालनं वर सुरुवात केली.

पण कीबोर्ड वाजायला लागला होता.

“अक्का, खालनं वाचायचंय अजून.”

“राहू दे,” त्या टाइप करता करताच म्हणाल्या. “ऐकलं की मी.”